महाग असताना विकत घेतलेली वीज

देशाची भरभराट झाली म्हणून ऊर्जेचा वापर वाढतो, की ऊर्जा मिळाली म्हणून भरभराट होते, हा वाद अर्थशास्त्रात जुना आहे. १९७८ मध्ये क्राफ्ट आणि क्राफ्ट या दोन अभ्यासकांनी अमेरिकेची १९४७ ते १९७४ या काळातली आकडेवारी घेऊन तो संख्याशास्त्राच्या कसोटीवर घासून पाहिला. आधी उत्पन्न वाढते आणि मागून ऊर्जेचा वापर वाढतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यानंतर देश बदलून, काळ बदलून, कोळशाच्या जागी वारा आणि ऊन ठेवून असे अभ्यास इतके झाले की त्यांची मोजदाद करणेच अवघड. अक्षय ऊर्जेपुरते बोलायचे तर २०१० मध्ये अपर्जिस आणि पेन यांनी ओईसीडी या संघटनेतल्या वीस देशांची १९८५ ते २००५ ही वर्षे तपासली आणि धागा दोन्ही बाजूंनी जातो असे सांगितले. उत्पन्न वाढले की अक्षय ऊर्जा वाढते, आणि अक्षय ऊर्जा वाढली की उत्पन्नालाही हातभार लागतो.

या अभ्यासांतली पद्धत बहुतेक वेळा क्लाइव्ह ग्रँजर यांच्या कल्पनेवर उभी असते. आकड्यांच्या दोन रांगांपैकी कोणती आधी हलते, हे ती सांगते. का हलते, ते सांगत नाही, आणि तसा दावाही करत नाही. या पुस्तकाला त्या ‘का’शी कर्तव्य आहे. म्हणून यात समीकरणे कमी आहेत. कायदे, वीजबिले, कर्जाचे दर, गावसभा आणि मोडून पडलेली यंत्रे जास्त आहेत.

वाचता वाचता माझे एक मत पक्के होत गेले, ते इथेच सांगून टाकतो. आर्थिक वाढीने विकसित देशांना अक्षय ऊर्जेच्या बाबतीत दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे एखादी वस्तू महाग, अपुरी आणि बेभरवशाची असतानाही ती वर्षानुवर्षे विकत घेत राहण्याची ऐपत. ही ऐपत सगळ्याच श्रीमंत देशांकडे होती. ती वापरली मात्र मोजक्यांनी, आणि ज्यांनी वापरली त्यांना तसे करायला त्यांच्या श्रीमंतीने भाग पाडले नव्हते. त्यांनी सोसले, वस्तू स्वस्त झाली, आणि तिचा फायदा आज साऱ्या जगाला मिळतो आहे. पुढची सगळी प्रकरणे या एका विधानाची तपासणी आहेत.

या विषयावर लोकांच्या मनात असलेली कल्पना वेगळी असते. ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ या म्हणीत ती नेमकी बसते: देश आधी श्रीमंत होतो, कारखाने काढतो, हवा काळी करतो, आणि पोट भरल्यावर त्याला स्वच्छ हवा आठवते. अर्थशास्त्रात हिला पर्यावरणाचा कुझनेट्स वक्र म्हणतात. सायमन कुझनेट्स यांनी १९५५ मध्ये उत्पन्नातल्या विषमतेबद्दल असा उलट्या वाटीसारखा वक्र सुचवला होता. १९९१ मध्ये ग्रॉसमन आणि क्रूगर यांनी तसाच आकार प्रदूषणाला लावून पाहिला. गंधकाचा धूर, नदीतली घाण यांच्या बाबतीत त्यात तथ्य आहे, कारण ते नाकाला आणि डोळ्यांना कळते आणि मतदार त्यावर चिडतो. कार्बन डायऑक्साइड दिसत नाही, वास येत नाही. उत्पन्न एका ठरावीक पातळीला पोहोचले की तो आपोआप कमी होऊ लागतो असे समजणे ही माझ्या मते या क्षेत्रातली सर्वांत नुकसानकारक समजूत आहे, कारण तिच्यामुळे आज काही करायची गरजच उरत नाही.

डेन्मार्कचा इतिहास ही समजूत मुळापासून हलवतो, म्हणून त्याला या पुस्तकात सर्वांत जास्त जागा दिली आहे. १८९१ मध्ये जटलंडमधल्या आस्कोव्ह या गावच्या लोकविद्यालयात पोल ला कूर या शिक्षकाने पवनचक्कीवर वीज तयार केली. वारा नसेल तेव्हा काय, हा आजचा प्रश्न त्यांनाही पडला होता. त्यांनी त्या विजेने पाण्यातून हायड्रोजन वेगळा काढून साठवला आणि शाळेचे दिवे त्यावर लावले. दोन्ही महायुद्धांत इंधन मिळेनासे झाले तेव्हा डॅनिश खेड्यांत वाऱ्याच्या विजेला पुन्हा मागणी आली. १९५७ मध्ये योहानेस यूल यांनी गेडसर इथे २०० किलोवॅटची पवनचक्की उभारली. तीन पाती, विजेच्या जाळ्याशी थेट जोडणी, वादळात आपोआप लागणारा ब्रेक: आजच्या पवनचक्कीचे बहुतेक अवयव तिच्यात होते. ती दहा वर्षे चालली आणि १९६७ मध्ये थांबवण्यात आली.

थांबवली ती देशाची भरभराट चालू असताना. साठच्या दशकात पश्चिम युरोपची अर्थव्यवस्था ज्या वेगाने वाढली तसा वेग तिला पुन्हा लाभला नाही, आणि ती सगळी वाढ स्वस्त तेलावर स्वार होती. त्या तेलापुढे वाऱ्याची वीज परवडेना. म्हणजे या देशात टंचाई आली की पवनचक्की फिरू लागे आणि सुबत्ता आली की थांबे. वाढीचा आणि अक्षय ऊर्जेचा संबंध इथे सरळ उलटा होता, आणि तो पाऊणशे वर्षे तसाच राहिला.

ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचे भाव चौपट झाले तेव्हा डेन्मार्कची नव्वद टक्क्यांहून अधिक ऊर्जा आयात तेलातून येत होती. रविवारी गाड्या चालवायला बंदी घालावी लागली. देश गरीब नव्हता, त्याचे दरडोई उत्पन्न जगात वरच्या फळीत होते. पण परावलंबन किती खोल आहे हे त्या हिवाळ्यात घराघराला कळले. सरकारचा आणि वीज कंपन्यांचा ओढा अणुविजेकडे होता. लोकांनी त्याला दहा-बारा वर्षे विरोध केला, आणि १९८५ मध्ये संसदेने अणुवीज आराखड्यातून काढून टाकली. दरम्यान लोक नुसते विरोध करत बसले नव्हते. क्रिस्टियन रीसेगर नावाच्या एका सुताराने घरच्या घरी २२ किलोवॅटची पवनचक्की बनवून जाळ्याला जोडली. पश्चिम जटलंडमध्ये ट्विन्ड इथल्या शाळांचे शिक्षक, विद्यार्थी आणि स्वयंसेवक यांनी तीन वर्षे खपून १९७८ मध्ये दोन मेगावॅटची पवनचक्की उभी केली. त्या काळी ती जगातल्या सर्वांत मोठ्या पवनचक्क्यांत मोडत होती. कार्ल एरिक यॉर्गन्सन हा लोहार आणि हेन्रिक स्टीसडाल हा तरुण यांनी मिळून केलेला आराखडा १९७९ मध्ये वेस्टास या कंपनीने घेतला. वेस्टास तोवर शेतीची अवजारे आणि क्रेन बनवत होती.

सरकारने काय केले, तर १९७८ मध्ये रिसो इथे चाचणी केंद्र काढले आणि पुढच्या वर्षापासून, त्या केंद्राने पसंत केलेली पवनचक्की घेणाऱ्याला किमतीच्या तीस टक्के अनुदान दिले. पैसा आला, पण तपासणीच्या शिक्क्याबरोबर आला. यंत्र बरे नसेल तर अनुदान नाही. माझ्या मते सार्वजनिक पैसा कसा खर्चावा याचे हे नमुनेदार उदाहरण आहे.

त्याच सुमारास शेजारच्या जर्मनीत दुसरा प्रयोग चालला होता. डेन्मार्कच्या कितीतरी पट मोठी अर्थव्यवस्था, जगात नावाजलेले अभियंते, आणि सरकारी तिजोरीतून सढळ निधी. उत्तर समुद्राच्या काठी ग्रोव्हिआन नावाची तीन मेगावॅटची पवनचक्की १९८३ मध्ये उभी राहिली; तिच्या पात्यांचा व्यास शंभर मीटर होता. ती जेमतेम काही शे तास फिरली, तिच्या सांध्यांना तडे गेले आणि १९८८ पर्यंत ती उतरवली गेली. अमेरिकेत नासाने उभारलेल्या अवाढव्य पवनचक्क्यांचीही फार वेगळी गत झाली नाही. श्रीमंत देशांनी पहिल्याच उडीत डोंगर गाठायचे ठरवले होते. डॅनिश सुतार-लोहारांनी छोटे यंत्र बनवले, मोडले, दुरुस्त केले, थोडे मोठे केले. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला करसवलतीमुळे कॅलिफोर्नियात पवनचक्क्यांची झुंबड उडाली तेव्हा टिकून राहिलेल्या यंत्रांत डॅनिश यंत्रे पुढे होती. १९८५ अखेर ती सवलत संपली, मागणी एका रात्रीत कोसळली, आणि १९८६ मध्ये वेस्टासचे दिवाळे वाजले. कंपनी नव्याने उभी करावी लागली. अमेरिकेच्या धोरणाचा हा लहरीपणा पुढेही तसाच राहिला: १९९२ ची उत्पादन करसवलत कित्येकदा संपली, पुन्हा आली, आणि प्रत्येक वेळी बाजार चढला-पडला. या पुस्तकात अमेरिका थोडी मागे ठेवली आहे ती याच कारणाने. तिथे वाढ आणि ऊर्जा यांच्या संबंधापेक्षा संसदेच्या वेळापत्रकाचाच परिणाम जास्त मोजला जातो.

डेन्मार्कमध्ये मालकी कुणाची, हा प्रश्न मला यंत्राइतकाच महत्त्वाचा वाटतो. सहकारी दूध डेअऱ्यांची तिथली परंपरा १८८२ पासूनची. त्याच धर्तीवर गावकऱ्यांनी पवनचक्क्यांसाठी मंडळे काढली, हिस्से घेतले, विजेच्या विक्रीतून आलेला पैसा वाटून घेतला. सहकाराच्या प्रदेशात वाढलेल्या मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. २००० साली कोपनहेगनच्या किनाऱ्यासमोर मिडेलग्रुंडेन इथे दोन-दोन मेगावॅटच्या वीस पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांतल्या निम्म्या आठ हजारांहून अधिक सामान्य भागधारकांच्या सहकारी मंडळाच्या आहेत. राजधानीच्या चौपाटीवरून दिसणाऱ्या त्या रांगेला विरोध अगदीच झाला नाही असे नाही, पण ज्याचा हिस्सा त्याच्या डोळ्यांना ते पाते सहसा खुपत नाही. वाढीतून आलेली शिल्लक कुणाच्या खात्यात जाते, यावर पुढच्या वाढीला लोक साथ देतात की नाही हे ठरते. पुढे पवनचक्क्या मोठ्या झाल्या, समुद्रात गेल्या, मोठ्या कंपन्यांच्या आणि पेन्शन फंडांच्या हाती गेल्या, तसा खेड्यांतला विरोधही वाढला. या मुद्द्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे.

आता जर्मनी. ऐपत वापरणे म्हणजे काय, हे जर्मनीइतके स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही. १९८० मध्ये फ्रायबुर्गच्या एका पर्यावरण संस्थेने एक पुस्तक काढले. तेल आणि युरेनियमशिवाय वाढ आणि समृद्धी शक्य आहे, असे त्याच्या शीर्षकातच म्हटले होते. त्या काळी ते कुणी फारसे मनावर घेतले नाही. १९९० मध्ये, दोन जर्मनींच्या एकीकरणाच्या धामधुमीत, संसदेत एक छोटा कायदा मंजूर झाला. तो पुढे रेटणाऱ्यांत बव्हेरियाच्या पुराणमतवादी पक्षाचे माथियास एंगेल्सबर्गर होते आणि हरित पक्षाचे वोल्फगांग डॅनियल्स होते. हेतू साधा होता: बव्हेरियातल्या ओढ्यांवर छोटी जलविद्युत केंद्रे चालवणाऱ्यांची वीज मोठ्या कंपन्यांनी ठरलेल्या दराने घ्यावी. मोठ्या कंपन्यांचे लक्ष तेव्हा पूर्व जर्मनीच्या वीजव्यवस्थेकडे होते. त्याच कायद्याच्या आधारे उत्तर जर्मनीतल्या शेतकऱ्यांनी पवनचक्क्या लावायला सुरुवात केली.

२००० साली हेर्मान शेअर आणि हान्स-योसेफ फेल यांच्या पुढाकाराने त्या जागी नवा कायदा आला. वीस वर्षे ठरलेला दर, जाळ्यात पहिला मान, आणि त्याचा खर्च सरकारी तिजोरीतून न घेता सगळ्या वीजग्राहकांच्या बिलावर अधिभार म्हणून. घरगुती वीज तेव्हा युनिटला साधारण चौदा युरोसेंटांना मिळत होती. छतावरच्या सौर विजेला मात्र पन्नास सेंटांहून अधिक मिळू लागले. महाराष्ट्रात पडते त्याच्या साधारण निम्मे ऊन जिथे पडते, त्या देशाने सूर्याच्या विजेला साडेतीनपट भाव दिला. तेव्हाच्या हिशेबाने हा व्यवहार तोट्याचा होता, आणि टीकाकार तसे म्हणतही होते.

तोटा कुणी सोसला, हे नीट पाहायला हवे. २००४ मध्ये पर्यावरणमंत्री युर्गेन ट्रिटिन यांनी सांगितले होते की या सगळ्याचा भार सामान्य कुटुंबावर महिन्याला आइस्क्रीमच्या एका गोळ्याएवढा पडेल. २०१४ मध्ये अधिभार युनिटला ६.२४ सेंटांवर गेला होता. वर्षाला साडेतीन हजार युनिट वापरणाऱ्या घराला त्यापोटी २१८ युरो भरावे लागत, म्हणजे महिन्याला अठरा. मोठ्या वीजखाऊ कारखान्यांना या भारातून भरघोस सूट होती. ती सूट भरून काढली भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी, छोट्या दुकानदारांनी, निवृत्तांनी. ज्यांच्याकडे स्वतःचे छत आणि थोडी पुंजी होती त्यांनी पॅनेल लावले आणि वीस वर्षांचे उत्पन्न निश्चित केले. ज्यांच्याकडे छत नव्हते त्यांनी त्याचे पैसे भरले. देशाची ऐपत मोठी असली तरी देशातल्या प्रत्येकाची ती सारखी नसते, हे या कायद्याच्या कर्त्यांनी फार उशिरा लक्षात घेतले. जुलै २०२२ मध्ये तो अधिभार शून्यावर आणून खर्च सरकारी निधीकडे वळवण्यात आला.

आणि तरीही मी त्या वीजबिलांकडे आदराने पाहतो. २०१० ते २०१२ या तीन वर्षांत जर्मनीने दरवर्षी सुमारे साडेसात हजार मेगावॅट सौर क्षमता बसवली. एवढ्या हमखास मागणीवर चीनमध्ये कारखाने उभे राहिले. सनटेक ही त्यांतली सुरुवातीची कंपनी. तिचे संस्थापक शी झेंगरोंग ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मार्टिन ग्रीन यांच्या हाताखाली शिकलेले. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत १९५४ मध्ये जन्मलेले तंत्र, ऑस्ट्रेलियात सुधारलेले, जर्मन बिलांवर पोसलेले आणि चीनमध्ये घाऊक झालेले. १९७६ मध्ये, महागाई जमेस धरून, सौर पॅनेलच्या एका वॅटला शंभर डॉलरच्या आसपास मोजावे लागत. २०१९ पर्यंत तो आकडा चाळीस सेंटांखाली आला. जर्मनीच्या स्वतःच्या पॅनेल उद्योगाला ही घसरण झेपली नाही. एके काळी जगात अग्रगण्य असलेली क्यू-सेल्स एप्रिल २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि कोरियाच्या हान्व्हा समूहाने ती घेतली. रोजगाराच्या आणि औद्योगिक वाढीच्या ज्या आश्वासनावर कायदा विकला गेला होता, ते आश्वासन सौर क्षेत्रात मोठ्या प्रमाणावर दुसऱ्या देशात पूर्ण झाले. अक्षय ऊर्जा वाढली की उत्पन्न वाढते, हे विधान करताना ‘कुणाचे’ हा शब्द गाळता येत नाही.

भारतापुरते याचे उत्तर आकड्यांत आहे. २०१० च्या अखेरीस राष्ट्रीय सौर अभियानाच्या पहिल्या लिलावात युनिटचा दर दहा ते तेरा रुपयांच्या दरम्यान होता. मे २०१७ मध्ये राजस्थानात भडला इथे तो २ रुपये ४४ पैशांवर आला. महाराष्ट्रातल्या शेतावर आज जो सौर पंप दिसतो, त्याच्या किमतीत कुठल्या तरी जर्मन भाडेकरूचा अधिभार मिसळलेला आहे. वाऱ्याच्या बाबतीत संबंध आणखी थेट होता. पुण्याच्या सुझलॉनने सुरुवातीचे तंत्र जर्मन कंपनीकडून घेतले, सातारा आणि धुळ्याच्या माळांवर पवनचक्क्या उभारल्या, आणि २००७ मध्ये रीपॉवर ही जर्मन कंपनीच विकत घ्यायला निघाली. त्यासाठी काढलेली कर्जे २००८ च्या मंदीनंतर जड झाली आणि २०१५ मध्ये ती कंपनी विकून टाकावी लागली.

मंदीचा धडा स्पेनने सर्वांत कडवटपणे दिला. २००७ च्या हुकमाने उदार दर जाहीर झाले, २००८ या एका वर्षात अडीच हजार मेगावॅटहून अधिक सौर क्षमता बसली, आणि त्याच वर्षी बांधकामाचा फुगा फुटला. जानेवारी २०१२ मध्ये, दर पाच कामकरी माणसांतला एकाहून अधिक बेकार असताना, सरकारने नव्या प्रकल्पांचे सगळे अनुदान थांबवले. पुढे आधी दिलेली वचनेही मागे घेतली. कर्ज काढून शेतात पॅनेल लावलेली कुटुंबे अडकली. वाढ खुंटली की अक्षय ऊर्जा खुंटते, असे इथे म्हणता येईल. पण त्याच मंदीत जर्मनी विक्रमी वेगाने पॅनेल बसवत होती. फरक वचनाचा होता. जर्मन खर्च बिलांतून फिटत होता, स्पेनमध्ये तो वीजव्यवस्थेच्या तुटीत साठत गेला.

श्रीमंत देशांच्या यशाचे आकडे वाचताना काही सावधगिरी बाळगायला हवी. १९९० पासून डेन्मार्कची अर्थव्यवस्था दीडपटीहून मोठी झाली, ऊर्जेचा एकूण वापर जवळपास तेवढाच राहिला आणि कार्बन उत्सर्जन निम्म्याहून खाली आले. निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यापासून येते. स्वीडनने १९९१ मध्ये कार्बन कर लावला, पुढे तो टनाला शंभर युरोंच्या वर नेला, आणि तरी त्याची वाढ थांबली नाही. ही कामगिरी खरी आहे. पण डेन्मार्कच्या अक्षय ऊर्जेचा मोठा वाटा जैविक इंधनाचा, म्हणजे लाकूड, पेंढा आणि कचऱ्याचा आहे, आणि त्यातले पुष्कळ लाकूड बाहेरून येते. जर्मनीतल्या घटीचा एक भाग बर्लिनची भिंत पडल्यावर बंद झालेल्या पूर्वेकडच्या कारखान्यांचा आहे. ब्रिटनने १८८२ मध्ये लंडनच्या होल्बर्न व्हायाडक्टवर कोळशाची सार्वजनिक वीज सुरू केली आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी रॅटक्लिफ-ऑन-सोर हे आपले शेवटचे कोळसा केंद्र बंद केले, ही ऐतिहासिक घटना. मात्र वाटेत खाणकामगारांची गावे उजाड झाली, नैसर्गिक वायूने बरीच जागा घेतली, आणि ब्रिटिश घरांतल्या पुष्कळ वस्तू आता चिनी कोळशावर बनतात. आयात मालातला कार्बन धरला तरी या देशांचे आकडे उतरतच आहेत, हे महत्त्वाचे. फक्त उतार तितका तीव्र नाही. शिवाय विकसित देशांतही अंतिम ऊर्जेच्या वापरात विजेचा हिस्सा साधारण एक पंचमांश आहे. वाहने, घरे तापवणे, पोलाद, सिमेंट यांचा मोठा भाग अजून जळणावरच चालतो. म्हणून या पुस्तकात ‘विजेतला वाटा’ आणि ‘एकूण ऊर्जेतला वाटा’ हे दोन आकडे कुठेही एकमेकांत मिसळलेले नाहीत. बातम्यांत ते सर्रास मिसळलेले असतात.

वाढ आणि अक्षय ऊर्जा यांना बांधणारा सर्वांत घट्ट दोर कोणता, असे विचाराल तर मी व्याजदर म्हणेन. वायूवर चालणाऱ्या केंद्राचा मोठा खर्च इंधनाचा असतो आणि तो वर्षावर्षाला होतो. पवनचक्कीचा वीस-पंचवीस वर्षांचा जवळपास सगळा खर्च पाते फिरण्याआधीच करावा लागतो, तोही बहुतांशी कर्जाने. २०१० नंतरच्या दशकात युरोपात कर्ज जवळपास फुकट होते. ब्रिटनमध्ये २०१४ मध्ये समुद्रातल्या वाऱ्याच्या विजेला मेगावॅट-तासाला १४० पौंडांहून अधिक दर द्यावा लागला होता. २०१९ च्या लिलावात तो चाळीस पौंडांखाली आला. यात मोठ्या यंत्रांचा वाटा होता, तसाच स्वस्त पैशाचाही होता. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर चाल केल्यावर वायू महागला, महागाई भडकली, व्याजदर वर गेले. वायू महागला म्हणून वारा हवासा झाला, आणि पैसा महागला म्हणून तोच वारा परवडेना. सप्टेंबर २०२३ च्या ब्रिटिश लिलावात समुद्री पवन प्रकल्पासाठी एकही बोली आली नाही. त्याच वर्षी सरता सरता डेन्मार्कच्या ऑर्स्टेडने न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरचे दोन मोठे प्रकल्प सोडून दिले. जर्मनीची अर्थव्यवस्था २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षे आकसली, आणि विजेच्या दरावरून तिथे आज जे भांडण चालले आहे ते या पुस्तकाच्या शेवटच्या दोन प्रकरणांत सविस्तर आले आहे.

विकसनशील देशांत अशा प्रकल्पाचे भांडवल विकसित देशांच्या तुलनेत दुप्पट किंवा त्याहूनही महाग पडते. जर्मनीपेक्षा दुप्पट ऊन असलेल्या जागी लावलेले पॅनेल त्या व्याजापायी आपला निम्मा फायदा गमावून बसते. यंत्राची किंमत श्रीमंत देशांनी सोसून खाली आणली. पैशाची किंमत खाली आणण्यासाठी त्यांनी तसे काहीच केलेले नाही, आणि यंत्राच्या बाबतीत दाखवलेली हिंमत त्यांनी तिथेही दाखवावी अशी मागणी करायला आपल्याला पूर्ण आधार आहे. तो आधार कोणता, हे समजायला त्या देशांच्या वीजबिलांचा हा इतिहास तपशिलाने माहीत असावा लागतो. पहिल्या तीन प्रकरणांत डेन्मार्क आहे, पुढच्या चारांत जर्मनी; घाई असलेल्या वाचकाने जर्मनीपासून सुरुवात केली तरी चालेल, फक्त रिसोच्या चाचणी केंद्रावरची पाने मागे वळून जरूर वाचावीत.